दोन दिवसांत चार मैफली

मुंबईत नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे चार महिने गाण्याबजावण्याचे. उकाडा उतरलेला असतो, पावसाची भीती नसते, आणि शाळा-कॉलेजांच्या वार्षिक परीक्षा अजून तोंडावर आलेल्या नसतात. या काळात शुक्रवार संध्याकाळ ते रविवार रात्र एवढ्या अवधीत चार निराळ्या परंपरांचे संगीत समोर बसून ऐकता येते. फेब्रुवारीचेच उदाहरण घ्यावे. नरिमन पॉइंटच्या एनसीपीएत २००६ साली स्थापन झालेल्या सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाचा हंगाम साधारण याच सुमारास असतो. वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत २०११ पासून ब्लूजचा महोत्सव भरत आला आहे, तोही शनिवार-रविवारच्या दोन संध्याकाळी. दादर-पार्ल्याकडे रविवारी सकाळी ख्यालाच्या बैठकी होतात. नाट्यगृहांतून नाट्यसंगीताचे आणि लावणीचे कार्यक्रम लागतात. ही सगळी ठिकाणे लोकलच्या जाळ्यात आहेत, आणि जवळ पास असेल तर प्रवासाचा खर्च जवळपास शून्य.

ऐकणे शक्य आहे म्हणून ते सगळे ऐकावे का, याबद्दल जाणत्या रसिकांत दोन तट आहेत. ते समोरासमोर यावेत म्हणून इथे शास्त्रचर्चेतली पूर्वपक्ष-उत्तरपक्षाची जुनी रीत घेतली आहे. पूर्वपक्ष मांडतो तो सात वर्षे ख्याल शिकणारा एक तरुण. उत्तरपक्ष त्याच्या आत्याचा. आत्या बँकेतून निवृत्त झालेली, दादरला राहणारी आणि तरुणपणी धोबीतलावच्या रंगभवनात उघड्या आकाशाखाली जॅझ ऐकलेली. दोघेही कल्पित आहेत. त्यांचे मुद्दे मात्र कोणत्याही सभागृहाच्या मध्यंतरात, चहाच्या रांगेत कानावर पडणारे आहेत.

आत्याचा बेत असा: शुक्रवारी सिम्फनी, शनिवारी रात्री ब्लूज, रविवारी सकाळी ख्याल आणि संध्याकाळी लावणी.

“आत्या, सोमवारी तुझ्याकडे यातलं काय उरणार? मला एका चांगल्या यमनातून बाहेर यायला तीन दिवस लागतात,” असा भाच्याचा पहिला आक्षेप.

“तुला त्या यमनातलं काहीतरी उद्याच्या रियाजात घ्यायचं असतं रे, म्हणून तो तुला सोडत नाही. मला काही घ्यायचं नसतं. मी ऐकायला जाते.”

शिकणाऱ्याचा कान आणि ऐकणाऱ्याचा कान हा भेद या वादाच्या मुळाशी आहे. शिकणारा प्रत्येक मैफलीत काहीतरी उचलत असतो: एखाद्या जागेचे वळण, बंदिशीची उठावण, समेवर येण्याची युक्ती. उचललेले विसरू नये म्हणून तो तेच मनात घोळवत राहतो, आणि त्या घोळवण्यावर दुसऱ्या संगीताचा थर बसला की पहिले पुसट होते. ऐकणाऱ्यावर हे ओझे नसते. पण म्हणून त्याच्या कानात काहीच मागे राहत नाही असे नाही, आणि भाच्याचा दुसरा मुद्दा नेमका इथे सुरू होतो.

त्याचे म्हणणे स्वरांविषयी आहे. तानपुऱ्याच्या तारेवर जवारी नीट लागली की तारेच्या मूळ स्वराबरोबर तिचे उपस्वरही मोकळे होतात. त्यातला पाचवा उपस्वर म्हणजे खर्जाच्या तारेतून आपोआप उमटणारा गांधार. त्याला स्वयंभू गांधार म्हणतात, आणि गायकाचा शुद्ध गांधार त्यात मिसळून जावा ही ख्यालगायकीतली जुनी अपेक्षा. या गांधाराचे षड्जाशी प्रमाण पाचास चार. पियानोची रचना वेगळी असते. तिथे सप्तकाचे बारा समान भाग केलेले असतात, म्हणजे कोणताही स्वर षड्ज धरून वाजवता येतो. सप्तक १२०० सेंटचे मानले तर पियानोचा गांधार ४०० सेंटवर येतो आणि तानपुऱ्यातला सुमारे ३८६ वर. फरक १४ सेंटचा. षड्जापासून कोमल रिषभापर्यंतच्या अंतराचा हा साधारण सातवा भाग झाला.

“शुक्रवारी दोन तास पियानोचा कन्चेर्तो ऐकलास, तर रविवारी सकाळी तुला बाईंचा गांधार उतरलेला वाटेल. आणि चूक त्यांची नसेल, तुझ्या कानाची असेल.”

“पियानोचं खरं आहे तुझं. पण व्हायोलिनला कुठे पडदे असतात? चाळीस-पन्नास माणसं गज चालवताना एकमेकांचं ऐकून स्वर जुळवतात. आणि गायकांचा सा तरी कुठे एक असतो? बुवा काळी एकला गातात, त्यांच्यानंतर बाई काळी पाचला बसतात. तेव्हा तुझा कान बरा जागा बदलतो.”

आत्याचे उत्तर अर्धे बरोबर आहे. पाश्चात्त्य वाद्यवृंदात ओबो ‘ए’ हा स्वर धरतो आणि बाकीचे त्याला जुळवून घेतात. या ‘ए’ची कंपनसंख्या सेकंदाला ४४० असावी अशी शिफारस १९३९ साली लंडनमधल्या आंतरराष्ट्रीय परिषदेने केली. हिंदुस्थानी संगीतात असा ठरलेला स्वर नाही. गळ्याला जो झेपेल तो षड्ज. त्यामुळे षड्ज हलवून ऐकण्याची सवय आपल्या श्रोत्याला असतेच. गांधाराचा प्रश्न मात्र षड्ज हलवून सुटत नाही, कारण तिथे दोन स्वरांमधले अंतरच बदललेले असते. त्यावर उपाय एकच, आणि तो परंपरेत आधीपासून आहे. बैठकीच्या सुरुवातीला तानपुरे लावताना जी पाच-दहा मिनिटे जातात तेव्हा बहुतेक श्रोते बोलत असतात. ती मिनिटे ऐकण्यात घालवली तर कान नव्या अंतरांवर बसतो. दुसऱ्या प्रकारच्या संगीतातून आलेल्या माणसाने उशिरा पोहोचून मधल्या लयीतल्या बंदिशीवर येऊन बसणे हे खरे नुकसान.

ब्लूजच्या बाबतीत भाचा स्वतःच अडतो. ब्लूजमधला तिसरा स्वर कोमल गांधार आणि शुद्ध गांधार यांच्या मधल्या प्रदेशात फिरत राहतो. गिटारवादक तार बोटाने आडवी ओढून तो स्वर चढवतो, आणि सतारीवर पडद्यावर तार ओढून मींड काढण्याची क्रियाही हीच. २०११ च्या पहिल्या महोत्सवात शिकागोचे बडी गाय वाजवून गेले. त्यांच्यासारखा वादक एक स्वर ओढून तो जागेवर धरून ठेवतो तेव्हा ख्यालाचा श्रोता आपोआप मान हलवतो.

“ते मला पटतं. पण म्हणून दोन्ही एक आहेत असं म्हणू नकोस. लोक सांगतात, ब्लूजचे बार बारा, एकतालाच्या मात्रा बारा. अगं, त्या बाराचा या बाराशी काय संबंध?”

संबंध खरोखरच नाही. ब्लूजच्या बारा बारांमध्ये प्रत्येकी चार ठोके असतात आणि त्यांवर तीन मुख्य कॉर्ड ठरलेल्या क्रमाने येतात. घर सोडणे, लांब जाणे आणि परतणे ही सगळी गोष्ट कॉर्डच्या बदलातून कळते. विलंबित एकतालात कॉर्ड नसते. परतण्याची जाणीव समेतून होते, आणि अतिविलंबित लयीत एक आवर्तन जवळपास मिनिटभर चालू शकते. एका ठिकाणी ओढ दर काही सेकंदांनी फेडली जाते, दुसऱ्या ठिकाणी ती लांबवली जाते. शनिवारी रात्री ब्लूज ऐकून रविवारी सकाळी विलंबित ख्यालाला बसलेल्याला पहिली वीस मिनिटे काहीच घडत नाही असे वाटते ते यामुळे. सुखाचा हप्ता लवकर मिळण्याची सवय रात्रभरात लागलेली असते. आत्याचा अनुभव याच्या उलटही सांगतो. ख्यालानंतर ब्लूज ऐकले की त्या दोन-तीन कॉर्डमध्ये किती बारीक हालचाल आहे ते कळते, कारण कान हळू चालायला शिकलेला असतो. या मुद्द्यावर दोघांची मते वरवर भांडतात आणि खाली एकच गोष्ट सांगतात: क्रमाने फरक पडतो. तिकडे पुढे यायचे आहे.

सभागृहातल्या वागण्याचा मुद्दा त्या मानाने छोटा आहे, पण त्यावरच माणसे जास्त बिचकतात. सिम्फनीच्या चार भागांमध्ये टाळ्या वाजवायच्या नसतात. ख्यालात सम सुंदर आली की त्याच क्षणी दाद द्यायची असते, गाणे संपेपर्यंत थांबलेली दाद गायकाला थंड वाटते. लावणीला शिट्टी चालते. ब्लूजला ठेका धरताना टाळी दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर पडते. भजनाच्या टाळीवर वाढलेला हात पहिल्या ठोक्यावर पडायला धावतो आणि शेजारचे वळून बघतात. भाच्याला वाटते की दोन दिवसांत चार वेळा वागणे बदलणे म्हणजे कुठेच घरचे नसणे. आत्याचे उत्तर असे की हे नियम वाटतात तितके जुने नाहीत. मोत्सार्टने १७७८ साली पॅरिसहून वडिलांना लिहिलेल्या पत्रात, नव्या सिम्फनीच्या पहिल्या भागाच्या मधोमध श्रोत्यांनी टाळ्या वाजवल्याचे आनंदाने कळवले आहे. ती शांतता नंतरच्या शतकात रुळली. आणि ज्या मराठी श्रोत्यांनी बालगंधर्वांना एकाच पदासाठी पुन्हा पुन्हा ‘वन्स मोअर’ देऊन नाटक पहाटेपर्यंत लांबवले, त्यांच्या नातवंडांना एन्कोर शिकवावे लागत नाही.

भाच्याकडे याच काळातला एक चांगला दाखला आहे, आणि तो त्याने पाश्चात्त्य संगीतातूनच आणला आहे. २२ डिसेंबर १८०८ रोजी व्हिएन्नात बेटहोवनने आपल्या नव्या रचनांचा कार्यक्रम केला. पाचवी सिम्फनी, सहावी सिम्फनी, चौथा पियानो कन्चेर्तो, शेवटी समूहगान आणि पियानोची मोठी रचना, शिवाय इतर काही. थिएटर गारठलेले, वेळ सुमारे चार तास. संगीतकार राइखार्ट त्या रात्री श्रोत्यांत होता. चांगल्या गोष्टीही अति झाल्या की सोसत नाहीत, असा अनुभव त्याने नोंदवून ठेवला.

“जगातल्या दोन थोर सिम्फनी पहिल्यांदा वाजत होत्या, आणि जाणकार माणूस थकून गेला. तू तर चार परंपरा घेऊन बसणार.”

“अरे, तो थकला कारण सगळं एकाच जागी, एकाच खुर्चीत, एकाच माणसाचं होतं. सवाईला लोक तीन-तीन रात्री बसायचेच की.”

सवाई गंधर्व महोत्सवाचा उल्लेख आत्याच्या बाजूने नेहमी येतो. पंडित भीमसेन जोशींनी गुरूंच्या स्मरणार्थ १९५३ साली पुण्यात सुरू केलेल्या या महोत्सवात गायनाला लागून सतार, बासरीला लागून नृत्य, हिंदुस्थानीला लागून कर्नाटक संगीत असे कार्यक्रम होत आले आहेत. रात्रभर बसणारा श्रोता एकाच सत्रात चार कलाकार ऐकत असे. भाच्याचे प्रत्युत्तरही दुर्लक्षण्यासारखे नाही. सवाईच्या मंडपात कलाकार बदलले तरी तानपुरा, ताल आणि राग यांची चौकट बहुतेक वेळ कायम राहते. रात्र पुढे सरकते तसे रागही सरकतात, आणि त्यामुळे त्या लांब बैठकीला आतून एक वाट असते. चार ठिकाणच्या चार मैफलींना ती वाट कोणी आखून दिलेली नसते, श्रोत्यालाच आखावी लागते.

रागांच्या प्रहरांचा विषय इथे थोडा सविस्तर घ्यायला हवा, कारण शनिवार-रविवारची आखणी त्यावरच अवलंबून राहते. हिंदुस्थानी परंपरेत बहुतेक राग दिवसाच्या ठराविक प्रहरात गायले जातात. सकाळी भैरव, तोडी, जौनपुरी, दुपारी सारंगाचे प्रकार, संध्याकाळी मारवा, पूरिया, श्री, रात्री यमन, बागेश्री, उशिरा मालकंस, दरबारी, पहाटे ललत. सन २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिवर्धक बंद केला. राज्य सरकारला वर्षातले काही मोजके दिवस ही मर्यादा मध्यरात्रीपर्यंत वाढवता येते. या बदलाने मंडपातल्या रात्रभरच्या बैठकी संपल्या. बंद सभागृहाला तो नियम तसा लागू नाही, पण शेवटची लोकल सगळ्यांनाच लागू आहे. परिणाम असा की मुंबईतला श्रोता वर्षानुवर्षे संध्याकाळचे आणि रात्रीच्या पहिल्या प्रहराचे रागच ऐकत राहतो. तोडीसारखा भव्य राग समोर बसून ऐकायचा तर रविवार सकाळखेरीज दुसरी वेळ नाही, आणि ललतसाठी दिवाळी पहाटची वाट पाहावी लागते. हे मराठी श्रोत्याचे मोठे नुकसान आहे आणि त्याबद्दल पुरेशी हळहळ व्यक्त होत नाही. म्हणूनच दोन दिवसांच्या कोणत्याही बेतात रविवार सकाळची बैठक पहिल्यांदा पक्की करावी आणि बाकीचे तिच्याभोवती बसवावे. यावर आत्या आणि भाचा दोघेही सहमत आहेत.

मिसळ करण्याबद्दल मात्र सहमती नाही. आत्या इतिहास काढते. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या १८८० च्या ‘शाकुंतल’मध्ये साकी-दिंडीच्या, लावणीच्या आणि रागदारीच्या चाली एकाच रंगभूमीवर आल्या. १९१६ च्या ‘स्वयंवर’ला भास्करबुवा बखल्यांनी रागदारीच्या भरदार चाली दिल्या आणि नाटकाचे प्रेक्षक ख्यालाचे श्रोते झाले. १९३३ च्या ‘आंधळ्यांची शाळा’ला केशवराव भोळ्यांचे संगीत होते, आणि पाश्चात्त्य संगीताचा त्यांचा व्यासंग त्यात उतरला होता. गोव्यातल्या माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस मुंबईच्या चित्रपटसृष्टीत व्हायोलिन वाजवत आणि वाद्यवृंदाची रचना करत. १९५८ साली सेंट झेवियर्स कॉलेजच्या आवारात त्यांनी मोठा वाद्यवृंद उभा करून रागांवर बेतलेल्या रचना सादर केल्या. तिथून हाकेच्या अंतरावरच्या रंगभवनात १९७८ पासून जॅझ यात्रा भरू लागली आणि पहिल्याच वर्षी सॉनी रॉलिन्स तिथे वाजवून गेला. पुढे त्याच रंगमंचावर रॉकचे महोत्सव झाले. जवळपासची रुग्णालये आणि कॉलेज यांमुळे तो परिसर शांतता क्षेत्रात मोडला आणि रंगभवनातले कार्यक्रम थांबले.

“ही सगळी माणसं एका प्रकारात बसून राहिली असती तर तुझ्या नाट्यसंगीतातलं निम्मं आलंच नसतं.”

“भास्करबुवांचं नाव घेतेस ना? ते तीन घराण्यांचं शिकले. फैज महंमद खाँ, नत्थन खाँ, अल्लादिया खाँ. पण एकेका गुरूपाशी वर्षं काढली, आत्या. शुक्रवारी ग्वाल्हेर, शनिवारी आग्रा, रविवारी जयपूर असं नव्हतं ते.”

भाच्याचा हा मुद्दा या संपूर्ण वादातला सर्वांत भक्कम आहे. कुमार गंधर्वांनी माळव्याची लोकगीते ऐकली, त्यांतून राग घडवले, बालगंधर्वांची पदे स्वतःच्या नजरेने मांडली. या प्रत्येक कामामागे वर्षांचे मुरवणे होते. दोन दिवसांतल्या चार मैफलींतून असे काही घडत नाही. पण घडावे अशी अपेक्षाही नसते. घडवणारा कलावंत आणि त्याच्या कामाला तयार असलेला श्रोता या दोन वेगळ्या गरजा आहेत. गोन्साल्विसांचा प्रयोग पुढे टिकला नाही. रागही जाणतो आणि ऑर्केस्ट्राही जाणतो असा श्रोतृवर्ग तेव्हा शहरात फार थोडा असावा, असे मानायला जागा आहे. असा वर्ग घराघरांतून एका प्रकाराचे व्रत घेऊन तयार होत नाही. तो सभागृहे बदलणाऱ्या माणसांतून तयार होतो, आणि या ठिकाणी आत्याची बाजू अधिक सबळ ठरते.

यानंतरचा मुद्दा रुचीचा नसून शरीराचा आहे, आणि त्याने आत्याचा मूळ बेत मोडतो.

मोठ्या आवाजाची मैफल संपवून बाहेर आले की कानाला दडे बसल्यासारखे होते, बारीक शिट्टी वाजत राहते आणि समोरच्याचे बोलणे कापसातून आल्यासारखे वाटते. अंतर्कर्णातल्या सूक्ष्म केसपेशी अतिआवाजाने थकल्याची ही खूण. बहुतेक वेळा हा बधिरपणा काही तासांत ते एक-दोन दिवसांत ओसरतो. वारंवार घडले तर मात्र काही पेशी कायमच्या जातात आणि त्या पुन्हा उगवत नाहीत. कामाच्या ठिकाणच्या आवाजाचा सर्वसाधारण दंडक ८५ डेसिबल आणि आठ तास असा आहे. दर तीन डेसिबलला सुरक्षित वेळ निम्मी होते, म्हणजे १०० डेसिबलला ती १५ मिनिटांवर येते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली मैफलींच्या जागांसाठी जे मानक ठरवले त्यात १५ मिनिटांची सरासरी १०० डेसिबलच्या वर जाऊ नये, शांत विसाव्याची जागा असावी आणि कानात घालायचे बोळे मिळावेत, असे सांगितले आहे. ध्वनिवर्धकाच्या भिंतीसमोर उभे राहणारा श्रोता ही मर्यादा सहज ओलांडतो.

शनिवारी रात्री अकराला असा कान घेऊन परतलेला श्रोता रविवारी सकाळी नऊला तोडीला बसतो तेव्हा मध्ये जेमतेम दहा तास गेलेले असतात. बधिरपणा बहुधा वरच्या पट्टीतल्या ध्वनींना आधी लागतो. तानपुऱ्याच्या जवारीची झाक, तबल्याच्या चाटीची किनार, गळ्यातल्या अतिकोमल रिषभ-गांधाराचा बारीक डोल हे सगळे त्या वरच्या झिरमिळीत असते. माणसाला राग ऐकू येतो, त्याचा पोत ऐकू येत नाही. गायक आज मनासारखे गायले नाहीत, असे मत घेऊन तो घरी जातो.

“हे मला आधी का नाही सुचलं?” आत्या विचारते. “मागच्या वर्षी मी असंच केलं होतं. मला वाटलं, वयामुळे.”

“वय असेलही थोडं. पण बेत उलटा लाव ना. ब्लूज रविवारीही आहेच.”

खरे तर आवाजाचा दोष फक्त गिटारवाल्यांचा नाही. आज ख्यालाची बैठकही ध्वनिवर्धकाशिवाय होत नाही. दोनशे माणसांच्या हॉलमध्येही तबला छातीवर आदळेल इतका चढवलेला असतो आणि तानपुरे त्याखाली बुडालेले. १९८० साली उघडलेले एनसीपीएचे टाटा थिएटर ध्वनिवर्धक न लावता हजार माणसांना भारतीय संगीत ऐकू यावे अशा हिशेबाने बांधले गेले. त्या कल्पनेचा वारसा इतर सभागृहांनी घेतला नाही याची खंत वाटते. या बाबतीत चारही प्रकारांत सिम्फनीच सर्वांत शिस्तीची ठरते. तिथे ध्वनिवर्धक नसतो. ऐंशी वादक एकदम उठतात तेव्हा सभागृह भरून जाते, आणि पुढच्याच क्षणी एका व्हायोलिनचा जेमतेम ऐकू येणारा स्वर उरतो. हा पल्ला कोणत्याही ध्वनिमुद्रणात पुरता सापडत नाही. म्हणून सिम्फनी ताज्या कानाने, सुट्टीच्या सुरुवातीलाच ऐकावी.

लावणीची जागा ठरवताना एक फरक लक्षात घ्यावा लागतो. फडावरची लावणी ढोलकीच्या तोड्यांवर, नाचावर आणि गर्दीवर उभी असते. बैठकीच्या लावणीत गायिका बसून गाते, एकच ओळ वेगवेगळ्या भावाने पुन्हा पुन्हा फिरवते आणि हाताच्या, डोळ्यांच्या अदेतून तिचा अर्थ उलगडते. ठुमरीशी तिचे नाते जवळचे. यमुनाबाई वाईकरांनी (१९१५–२०१८) ही अदाकारी शेवटपर्यंत जपली, आणि २०१२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. बैठकीची लावणी असेल तर ती ख्यालाच्या आदल्या रात्री ऐकायला हरकत नाही. उलट शब्दाला स्वराने किती बाजूंनी हात लावता येतो हे तिथे ऐकलेले दुसऱ्या दिवशीच्या बोल-आलापात उपयोगी पडते. भाच्याच्या वर्गातल्या कितीजणांनी ही लावणी समोर बसून ऐकली आहे, असे आत्या विचारते. एकानेही नाही. ख्याल शिकणाऱ्याने लावणी न ऐकणे ही उणीव आहे, आणि ती भाचा कबूल करतो.

मधल्या वेळेचे काय, हा शेवटचा प्रश्न. भाचा मुरण्याचा आग्रह धरतो आणि तो सोडण्याचे कारण नाही. फक्त मुरायला तीन दिवसच लागतात असे नाही, मध्ये आवाज नसलेली वेळ लागते. एका मैफलीतून निघून दुसरीच्या वाटेवर इअरफोन लावून तिसरेच काही ऐकणे हे आत्यासह पुष्कळांना लागलेले व्यसन आहे, आणि खरी मिसळ तिथे होते. मैफल संपल्यावर घरी जाईपर्यंत काही ऐकू नये. राग कोणता होता, कोणती जागा लक्षात राहिली, सिम्फनीतला कोणता सूर घरापर्यंत आला, हे चार ओळींत लिहून ठेवावे. फोनवर गाणे मुद्रित करण्यापेक्षा या चार ओळींनी मैफल जास्त टिकते, कारण मुद्रण पुन्हा ऐकू असे म्हणत माणूस ते क्वचितच ऐकतो. दोन मैफलींमध्ये एक झोप असावी. एकाच दिवशी दोन असतील तर मध्ये जेवण आणि वामकुक्षी. पोटात भूक असताना विलंबित लय पेलत नाही.

यातून जो बेत तयार होतो तो असा. शुक्रवारी संध्याकाळी सिम्फनी. शनिवार दिवसभर रिकामा, भाच्याची शिकवणी तेवढी सकाळी. शनिवारी रात्री बैठकीची लावणी, आणि दहाच्या आत घर. रविवारी सकाळी तानपुरे जुळायच्या आधी पोहोचून ख्याल. दुपारी जेवून झोप. संध्याकाळी कानात बोळे घालून, ध्वनिवर्धकांपासून दूर मागच्या बाजूला उभे राहून ब्लूज. सोमवारी आणि मंगळवारी काही नाही, म्हणजे कानाला पुरती विश्रांती.

चौथ्या मैफलीवर मात्र दोघांचे जुळत नाही.

“सकाळची तोडी माझ्याजवळ राहू दे, आत्या. संध्याकाळी मी नाही येत.”

“नको येऊस. मी जाते. येताना तुझ्यासाठी बोळ्यांची एक जोडी आणते, पुढच्या वर्षाला.”

रविवारी दुपारी लोकलच्या मार्गांवर दुरुस्तीचा ब्लॉक असतो आणि गाड्या उशिराने धावतात. ब्लॉक उठेपर्यंत थांबून मग दादरहून वांद्र्याची गाडी धरली तर संध्याकाळच्या पहिल्या वादकापर्यंत वेळेवर पोहोचता येते.